दहा हजार गोगलगायी

भिंगसरांनी शिक्षकखोलीत, सगळ्यांच्या देखत, चहाचा कप जरा जोरातच टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, की शाळेच्या मागच्या पट्टीत जेवढा जीव नांदतो तेवढा या अख्ख्या शिक्षकखोलीत नांदत नाही.

"ते काही फार अवघड नाही," शिट्टीसर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

शिट्टीसर खेळ शिकवायचे आणि भिंगसर जीवशास्त्र. दोघांच्या गळ्यात दोरी असायची, एकाच्या दोरीला शिट्टी, दुसऱ्याच्या दोरीला भिंग. नावं अर्थातच मुलांनी ठेवलेली. पण ती इतकी चिकटली होती, की मुख्याध्यापिकाबाई, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, सुद्धा प्रार्थनेनंतर "भिंगसरांनी ऑफिसात यावं" असं ध्वनिक्षेपकावरून सांगून मोकळ्या व्हायच्या.

मागची पट्टी म्हणजे शाळेची मागची भिंत आणि कालवा यांच्या मधली जागा. बॅडमिंटनचं कोर्ट मावेल, खेळाडू मावणार नाहीत, एवढी. गुडघाभर गवत, कधीच न थांबलेला एक गळका नळ, नळाखाली त्याचं स्वतःचं डबकं, आणि एकावर एक रचलेले मोडके बाक. प्रत्येक बाकावर ठळक लाल टिपका. मोठ्या बाईंचा नियमच होता तसा. जी वस्तू मोडीत काढायची तिच्यावर लाल टिपका. टिपका पडला की ती वस्तू शाळेच्या दृष्टीने वारली. मग तो पंखा असो, पृथ्वीचा गोल असो, नाहीतर भूमितीचा मोठा लाकडी कंपास असो.

या पट्टीवर आता संस्थेच्या अध्यक्षांची नजर पडली होती. अध्यक्षांचं टाइल्सचं मोठं दुकान. मोकळी जमीन दिसली की त्यांना ती उघडी पडल्यासारखी वाटायची, कधी एकदा तिच्या अंगावर काहीतरी घालतो असं व्हायचं. पट्टीत फरशी घालून शिक्षकांच्या गाड्यांसाठी जागा करायची असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शिट्टीसरांनी तर आपल्या स्कूटरसाठी कोपराही हेरून ठेवला होता, नळाजवळचा, म्हणजे जाता येता धुता येईल.

भिंगसरांचा जीव त्या पट्टीत गुंतलेला. नववीची मुलं आठवड्यातून दोनदा तिथे घेऊन जायचं, पोटावर झोपायचं आणि जे हलेल ते लिहायचं, हा त्यांचा नेम. पट्टी गेली तर मुलांनी बेडूक पुस्तकात बघायचा, आणि पुस्तकातला बेडूक उडी मारत नाही. ते तावातावाने मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की भावना मला पोचल्या, पण संस्थेच्या सभेला पोचणार नाहीत. सभेत आकडा लागतो.

"असा आकडा आणतो बाई," भिंगसर छाती फुगवून म्हणाले, "की अध्यक्षांच्या हातातली टाइल गळून पडेल."

झालं! शब्द तोंडातून गेला, आता आकडा आणणं आलं.

सुरुवात पाखरांपासून झाली. मुलं वह्या घेऊन भिंतीला टेकून बसली. तासाभरात सतरा कावळ्यांची नोंद झाली. मागाहून चौकशी केली तेव्हा कळलं, की कावळा एकच होता, मुलं सतरा होती. फुलपाखरांचं उलटं झालं. खूप होती, पण ती स्वतःहून वर्गवारीला उभी राहीनात. बेडूक मोजायला घेतले तर मोजून झालेले आणि मोजायचे राहिलेले एकाच डबक्यात उड्या मारायचे, आणि तोंडावरून काही ओळख पटायची नाही. शेवटी मुलांची पुढारी, जिला सगळे कप्तान म्हणायचे, ती कंटाळून म्हणाली, की सर, पळून जाणार नाही असं काहीतरी मोजू या ना.

भिंगसरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोगलगाय! पट्टीत गोगलगायी भरपूर होत्या. उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, आणि मोजणाऱ्याला वाटेत चहा पिऊन येता येतो.

पण गवतातल्या सगळ्या गोगलगायी मोजायच्या कशा? त्यालाही शास्त्रात तोड आहे, आणि ती भिंगसरांनी मुलांना फार रंगवून सांगितली. शंभर गोगलगायी पकडायच्या. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि परत गवतात सोडायच्या. आठवडाभर त्यांना एकमेकींत मिसळू द्यायचं, तोवर तिकडे पाऊलही टाकायचं नाही. मग पुन्हा डोळे मिटल्यासारखं करून, न निवडता, शंभर पकडायच्या. त्यात ठिपकेवाल्या वीस निघाल्या, म्हणजे पाचात एक आपली, म्हणजे एकूण पाचशे. दहाच निघाल्या तर एकूण हजार. ठिपकेवाल्या जितक्या कमी सापडतील तितकी एकूण वस्ती मोठी.

कप्तानने आत्याच्या कपाटातून नखांच्या रंगाच्या तीन बाटल्या आणल्या. एक निळी, एक गुलाबी, एक लाल. तिचं म्हणणं निळा घ्यावा, निळं एखादं फूलही नसतं पट्टीत.

"लाल," भिंगसर म्हणाले. "लाल दुरून दिसतो, बाळ. विज्ञान दुरून दिसलं पाहिजे."

आणि मग तो सोहळा झाला. मुलं रांगेनं बसली, पुढ्यात गोगलगायी. मेकअपच्या खोलीत बसलेल्या नट्यांसारख्या त्या शांत बसून रंग लावून घेत होत्या. फक्त एक दोघींनी ब्रश पाहून तोंड आत ओढून घेतलं. दोन मुलींनी एक ठिपका शंखाला आणि एक स्वतःच्या नखाला असं धोरण ठेवलं होतं, त्यामुळे बाटली लवकर संपत आली. पण शंभर पुऱ्या झाल्या. सोडल्यावर सगळं गवत कुंकू सांडल्यासारखं दिसायला लागलं. भिंगसरांनी कमरेवर हात ठेवून ते दृश्य पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

आठवड्यानं मंडळी पुन्हा पट्टीत उतरली. मधल्या काळात कुणीतरी मोडके बाक तिथून हलवले होते. बरं झालं, वावरायला जागा झाली, एवढंच भिंगसरांना वाटलं. मुलं कामाला लागली, आणि या वेळी काम काही केल्या संपेना. पानं उलटली, विटा उलटल्या, एकानं तर नळाचं तोंडही उलटं करून पाहिलं. शंभरावी गोगलगाय हाती लागेपर्यंत सगळी दुपार सरली आणि मुलांचे गुडघे हिरवे झाले.

त्या शंभरांत लाल ठिपक्याची एक होती. नळाच्या मागे, भिंतीच्या फटीत दडी मारून बसलेली. फक्त एक.

कप्तान त्या एकीकडे बघत राहिली. ती म्हणाली, सर, काहीतरी चुकलंय.

पण सर तिथे नव्हतेच. म्हणजे देहानं होते. मनानं ते आकडेमोडीत बुडाले होते. शंभरात एक आपली. आपल्या एकूण शंभर. म्हणजे शंभर गुणिले शंभर. त्यांनी तळहातावर पेनानं गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच. दहा हजार.

"दहा हजार असत्या," कप्तान म्हणाली, "तर शंभर शोधायला आख्खी दुपार कशी लागली?"

"लपल्यात."

"कुठे?"

"तेच तर संशोधन आहे, बाळ," भिंगसर म्हणाले, आणि तरंगत घरी गेले.

घरी आई जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. भिंगसरांनी चपला काढायच्या आधी तिला सगळी हकीकत सांगितली. पद्धत सांगितली, ठिपके सांगितले, आकडा सांगितला. आईनं एक शेंग संपेपर्यंत विचार केला.

"काल मी तुझे दहा मोजे धुवून वाळत टाकले," ती म्हणाली, "आणि आज दोरीवर एकच दिसला. तर तुझ्याकडे शेकड्यानं मोजे आहेत असं मी नाही म्हणत. बाकीचे कुणीतरी नेले असं म्हणते."

भिंगसरांनी तिला समजावलं, की आई, मोजे आणि गोगलगायी यांत मूलभूत फरक आहे.

"आहे की. मोजे चालत नाहीत. तरीसुद्धा जातात."

आईच्या बोलण्यात शास्त्रीय बैठक नसते असं मनाशी म्हणून भिंगसर आपल्या खोलीत गेले आणि सभेसाठी तक्ता करायला बसले. वर मोठ्या अक्षरांत दहा हजार लिहिलं. शून्यं मुद्दाम गुटगुटीत काढली.

सभा मोठ्या बाईंच्या ऑफिसात होती. ऑफिसाला लागून अडगळीची खोली, मधे एक दार, दाराखाली तीन बोटं फट. भिंतीवर शाळेच्या संस्थापकांची मोठी तसबीर. तसबिरीखाली अध्यक्ष, त्यांच्या हातात फरशीचे नमुने, करडा आणि अधिक करडा. शिट्टीसरही आले होते, शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून, आणि आपल्या स्कूटरचेही.

भिंगसर उठले. तक्ता उलगडला. दहा हजार हा आकडा ऐकून अध्यक्षांच्या हातातली टाइल गळून पडली नाही, पण खाली मात्र ठेवली गेली. तेवढ्यानं भिंगसरांना चेव आला. त्यांनी गोगलगायीची थोरवी गायला सुरुवात केली. ती अत्यंत कणखर, असं ते म्हणाले. ऊन पडलं की स्वतःला आत बंद करून घेते आणि महिनोन्महिने न खाता राहते, मरत नाही. तिच्या जिभेवर हजारो दात असतात.

"हजारो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

हो तर, भिंगसर म्हणाले, कानशीच असते ती. पानं खाते, कागद खाते, कधी कधी भिंतीचा चुनाही किसून खाते. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, एकीच्याच ठायी नर आणि मादी दोन्ही. त्यामुळे कुठल्याही दोघी भेटल्या की झालं. एकेक जण शंभर शंभर अंडी घालते.

अध्यक्ष व्यापारी माणूस. त्यांनी मनातल्या मनात दहा हजारांना शंभरानं गुणलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, की म्हणजे या शाळेच्या पाठीमागे चुना खाणारी, न मरणारी अशी दहा हजार जनावरं बसली आहेत, आणि तुम्ही हे आम्हाला आनंदानं सांगताय?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला! भिंगसर सावरायला गेले, तसा नेमका शिट्टीसरांचा आवाज आला.

"संस्थापकांच्या नाकावर काय आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. तसबिरीच्या काचेवरून एक गोगलगाय चालली होती. घाई नव्हती तिला. उजव्या नाकपुडीपासून निघून ती मिशीच्या दिशेनं निघाली होती. मग मोठ्या बाईंना टेबलावरच्या फुलदाणीवर एक दिसली. मग एक करंडकांच्या कपाटावर. एक शाळेच्या नियमावलीवर बसून पहिलंच पान कुरतडत होती. आणि दाराखालच्या फटीतून, शाळा सुटल्यावर मुलं निघतात तशा रमतगमत, आणखी येत होत्या.

मोठ्या बाई खुर्चीवर चढल्या. बाईंना खुर्चीवर बसलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, उभं राहिलेलं कुणी नाही. तिथूनच त्यांनी फोन उचलला आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला कळवलं, की आमच्या शाळेवर चुना खाणाऱ्या गोगलगायींची चाल झाली आहे.

भिंगसर मात्र तसबिरीखाली जाऊन भिंग लावून बघत होते. संस्थापकांच्या मिशीत पोचलेल्या गोगलगायीच्या पाठीवर लाल ठिपका होता. फुलदाणीवरचीच्या पाठीवर लाल ठिपका होता. करंडकावर, नियमावलीवर, फटीत, सगळीकडे लाल ठिपका. आईचे मोजे त्यांच्या डोळ्यांसमोरून एका दोरीवर सरसर सरकत गेले.

त्यांनी अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. आत मोडके बाक, मोडका पंखा, मोडका पृथ्वीचा गोल, आणि या सगळ्याच्या मधे एक आडवी बादली. बादलीजवळ शाळेचे मामा झाडू घेऊन उभे होते. मामा शाळेचे शिपाई, शाळेच्या घंटेइतके जुने आणि तिच्यासारखेच, कुणी वाजवल्याशिवाय न बोलणारे.

"मामा, या गोगलगायी इथे कुणी आणल्या?"

मामा म्हणाले, की बाईंनीच सांगितलं होतं. सभा आहे, मागचं लाल टिपक्याचं सगळं सामान उचलून आत आणून ठेवा, एकूण एक, काही राहता कामा नये. बाक जड गेले. त्या मानानं हे हलकं होतं, पण वेचायला फार वेळ गेला. आणि मघाशी सुकल्यासारख्या वाटल्या म्हणून जरा पाणी शिंपडलं.

म्हणजे ठिपकेवाल्या सगळ्या इथे, बादलीत! त्या पट्टीत नव्हत्याच, म्हणून सापडल्या नाहीत. सापडल्या नाहीत म्हणून आकडा फुगला. भिंगसर ऑफिसात परत धावले आणि एका दमात सगळ्यांना सांगून टाकलं, की माझं चुकलं, दहा हजार नाहीत, पाचशेच्या वर नसतील, आणि या इथे आल्या नाहीत, आणल्या गेल्या आहेत, मामांनी आणल्या आहेत, बाईंच्या हुकमावरून.

शेवटचे दोन शब्द त्यांनी गिळायला हवे होते. मोठ्या बाई खुर्चीवरून खाली उतरल्या, साडी नीट केली, आणि शाळेत गोगलगायी आपल्या हुकमानं आल्या यापेक्षा त्या स्वतःच्या पायांनी आल्या हेच जास्त शोभेल असा निर्णय त्यांनी उभ्या उभ्या घेतला. गोगलगायीला पाय एकच असतो, पण ती दुरुस्ती करायची ही वेळ नव्हे एवढं भिंगसरांनाही कळलं.

"मघाशी दहा हजार म्हणालात," अध्यक्ष म्हणाले. "दाखवल्या. आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. आता म्हणता पाचशे. उद्या म्हणाल, गोगलगाय म्हणजे काय?"

मग सभेत ठराव झाला. उद्या सकाळी पट्टीत विषारी औषध मारायचं, आणि लगेच वरून काँक्रीट ओतायचं. फरशी नंतर. भिंगसर पाच मिनिटं बोलले, विनवण्या केल्या. पण जो माणूस साप साप म्हणून ओरडला, त्यानंच मागाहून दोरी होती म्हटलं तर कोण ऐकतं?

बाहेर व्हरांड्यात कप्तान उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की सर, निळा असता तर? ती मुलांना घेऊन अडगळीच्या खोलीत गेली आणि बादली भरून गोगलगायी पुन्हा पट्टीत सोडून आली. उद्या मरायच्याच असतील तर निदान घरी मरतील, असं ती म्हणाली. त्या रात्री भिंगसरांना जेवण गेलं नाही. आईनं नुसते वाळलेले मोजे जोडीजोडीनं समोर आणून ठेवले, हे तर फारच झोंबलं.

सकाळी काँक्रीटची गाडी मागच्या फाटकाशी येऊन घरघरत उभी राहिली. तिच्यापुढे भिंगसर हात पसरून उभे. त्यांच्या मागे नववीचा अख्खा वर्ग, तसाच हात पसरून. बाजूला अध्यक्ष आणि मोठ्या बाई. आणि शिट्टीसर, स्कूटरवर बसून, जागा तयार झाली की पहिलं आपण म्हणून.

तेवढ्यात आरोग्य निरीक्षक आले. बारीक माणूस, मोठी बॅग, हातांत रबरी हातमोजे, तोंडाला फडकं. मोठ्या बाईंचा फोन त्यांनी मनावर घेतला होता. त्यांनी गवताकडे पाहिलं, गवतातल्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी विचारलं, किती आहेत?

आता इथे भिंगसरांची खरी परीक्षा होती. दहा हजार म्हणावं, तर सरकारी माणूस घाबरेल आणि काहीतरी थांबवेल. पण ते खोटं. पाचशे म्हणावं, तर ते खरं. पण मग हा माणूस बॅग उचलून जाईल आणि गाडी आत येईल. मागे मुलं उभी होती. रोज याच मुलांना ते सांगायचे, की जे दिसलं ते लिहा, जे हवं ते नको. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पाचशे," ते म्हणाले. "फार तर. दहा हजार मी म्हणालो होतो, ते चुकून. मोजण्यात घोटाळा झाला."

मागून कप्ताननं एक उसासा टाकला. गाडीच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला.

"थांबा," निरीक्षक म्हणाले. "म्हणजे तुम्हाला मोजता येत नाही, असं तुम्हीच सांगताय?"

"मागच्या वेळी चुकलं."

"मग ही वेळ बरोबर कशावरून? जो माणूस दहा हजार चुकतो तो पाचशे चुकणार नाही? पन्नास हजारही असतील."

आयुष्यात पहिल्यांदा भिंगसर एखाद्या तर्कापुढे हरले.

निरीक्षकांनी बॅग उघडली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. संख्या नक्की होईपर्यंत इथली माती हलवायची नाही, मातीबरोबर अंडी गावभर जातील. गाडी आत न्यायची नाही, चाकाला चिकटतील. औषध मारायचं नाही, शेजारी कालवा आहे. अध्यक्ष म्हणाले, अहो पण काँक्रीट. निरीक्षक म्हणाले, काँक्रीट तर मुळीच नाही, त्यात चुना असतो आणि चुना या खातात असं तुमच्याच फोनवर कळलंय, तुम्हाला त्यांना जेवण घालायचंय का? अध्यक्षांनी नळ तरी दुरुस्त करू द्या म्हणून शेवटचा प्रयत्न केला. नळालाही हात लावायचा नाही असं ठरलं. सगळं आहे तसं!

काँक्रीटची गाडी मागे वळताना कुणाच्या तरी अंगणात रिकामी करावी लागणार होती. ती अध्यक्षांच्याच अंगणात झाली, असं मागाहून ऐकण्यात आलं.

भिंगसरांना वाटलं, निरीक्षकांच्या पाया पडावं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गवत हललं नाही, नळ गळत राहिला, कुठेतरी एक बेडूक ओरडला. पट्टी वाचली! फरशीपासून, स्कूटरपासून, अध्यक्षांपासून. आणि तीही खरं बोलून. भिंगसरांच्या मनात उद्याच्या तासाची आखणीसुद्धा सुरू झाली. आता सावकाश, नीट, निळ्या रंगानं.

"आत कोण कोण जाऊन आलंय?" निरीक्षकांनी विचारलं.

अख्ख्या वर्गानं अभिमानानं हात वर केले. सगळ्यांत उंच हात भिंगसरांचा.

पुढच्या तासाभरात सगळ्यांचे बूट फाटकाशी मिठाच्या पाण्यात बुडवले गेले. शिट्टीसरांचे सुद्धा, कारण परवा त्यांचा चेंडू भिंतीवरून आत गेला होता. मग पट्टीभोवती पुरुषभर उंच पत्रे ठोकले गेले, डोकावूनही बघता येऊ नये असे. त्यावर पाटी लागली, की कुणीही आत जाऊ नये, विशेषतः विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक.

भिंगसर निरीक्षकांच्या मागे मागे नगरपालिकेपर्यंत गेले. हे उठणार कधी, असं त्यांनी विचारलं. निरीक्षक म्हणाले, संख्या कमी आहे असं सिद्ध झालं की. सिद्ध कसं करायचं? मोजून. मग मोजायला आत जाऊ का? छे, आत जायला बंदी आहे. बंदी कधी उठेल? संख्या कमी आहे असं सिद्ध झालं की. भिंगसर या वाटेनं तीनदा गेले आणि तीनदा त्याच दारातून बाहेर पडले.

अध्यक्ष आता तिकडे फिरकत नाहीत. शिट्टीसरांची स्कूटर उन्हातच उभी असते. पत्र्यांच्या आत गवत डोक्यावर गेलं असावं, कारण वरून तुरे दिसतात. वारा आला की सळसळ ऐकू येते. कसले कसले आवाज येतात, त्यातले काही तर भिंगसरांनी उभ्या जन्मात ऐकलेले नाहीत. इतका जीव त्या पट्टीत याआधी कधीच नांदत नसावा.

आत जायची परवानगी एकट्या मामांना आहे. रोज एकदा फाटक उघडून सगळं जागेवर आहे का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणून नववीच्या वर्गाचं निरीक्षण आता असं चालतं, की दुपारी मधल्या सुट्टीत भिंगसर, कप्तान आणि मुलं पत्र्याशी रांगेनं उभी राहतात. मामा आत एक फेरी मारून येतात, फाटकाला कुलूप घालतात, किल्ली खिशात ठेवतात. मग भिंगसर अगदी आर्जवानं विचारतात, मामा, आज काय दिसलं?

"दिसलं," मामा म्हणतात.

काय दिसलं? मामा आठवून बघतात. उडणारं होतं एक. बसलं. मग उडालं.

कप्तान पेन सरसावून उभी असते. भिंगसर घायकुतीला येऊन विचारतात, केवढं होतं, चोच कशी होती, शेपटी कशी होती, आणि मुख्य म्हणजे, मामा, रंग कुठला होता?

मामा बराच वेळ आभाळाकडे बघत उभे राहतात. माणूस इमानी, उगाच काहीतरी ठोकून देणार नाही.

"पाखराच्या रंगाचं होतं," ते म्हणतात.

"लिहून घे, बाळ," भिंगसर म्हणतात.